पाठीवरचा मुलगा : कादंबरी आणि चरित्र शेजारी ठेवून शिकवण्याचा एक प्रकरण अभ्यास

इंदूरमध्ये दर रविवारी सकाळी मराठी वाचायला येणाऱ्या चौदा मुलांच्या एका वर्गात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवरची एक कादंबरी आणि त्यांच्या चरित्रातले उतारे यांच्या आधारे आठ रविवार शिकवले गेले. त्या आठ रविवारांत काय बिघडले, ते कशामुळे सावरले आणि काय अजून सुटलेले नाही, याची ही नोंद आहे. वर्ग मी घेत होते. म्हणून जिथे चूक झाली तिथे ती माझी आहे, हे आधीच सांगते.

वर्गाची परिस्थिती

वर्ग रामबागेजवळच्या एका घराच्या माडीवर भरतो. मुले पाचवी ते नववीतली. बहुतेक इंग्रजी माध्यमातली, चार-पाच हिंदी माध्यमातली. सर्वांच्या घरी मराठी बोलतात, पण ती घरातल्या कामापुरती: आजीशी बोलताना, सणावारी, मामाचा फोन आल्यावर. सर्वजण शाळेत हिंदी शिकत असल्यामुळे देवनागरी लिपीची अडचण एकालाही नाही. मुले मराठी पान घडाघड वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की त्यांना ते कळले. प्रत्यक्षात पुष्कळदा शब्द मराठी वाचलेला असतो आणि अर्थ हिंदी घेतलेला असतो. 'शिक्षा' वाचले की त्यांना शिक्षण दिसते, 'चेष्टा' वाचले की प्रयत्न दिसतो, 'संशोधन' म्हटले की कायद्यातली दुरुस्ती. ही अडचण महाराष्ट्रातल्या वर्गात येत नाही आणि म्हणून तिथल्या पुस्तकांत तिच्यावर उपायही सापडत नाही.

आमच्या उपक्रमाची पहिली अडचण नेमकी अशाच एका शब्दातून आली. पहिल्या रविवारी मी म्हटले, "आपण आता एक चरित्र वाचणार आहोत." मुलांचे चेहरे पडले. का पडले ते मला त्या दिवशी उमजले नाही. हिंदीत 'चरित्र' म्हणजे माणसाचे शील, ज्याला आपण मराठीत चारित्र्य म्हणतो. आपण ज्याला चरित्र म्हणतो त्याला हिंदीत 'जीवनी' म्हणतात. मुलांना वाटले की काकू आता चांगले कसे वागावे यावर बोलणार. खेदाची गोष्ट अशी की पुढचे तीन रविवार मी जे केले, ते त्यांच्या या समजुतीपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

विषयाची निवड

अहिल्याबाईंचे चरित्र घ्यावे असा काही पालकांचा आग्रह होता आणि इंदूरच्या मुलांसाठी तो स्वाभाविक आहे. मी तो मान्य केला नाही. अहिल्याबाईंची तसबीर यांच्यापैकी निम्म्या घरांत देव्हाऱ्याशेजारी आहे. तिला हार घातलेला मूल रोज बघते. पूज्य माणसाविषयी मुले प्रश्न विचारत नाहीत, आणि प्रश्न न विचारता चरित्र वाचणे म्हणजे पोथी वाचणे. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी राज्य केले ते महेश्वरहून, इंदूरहून नव्हे, एवढी साधी गोष्ट सांगितली तरी काही मुलांना आपल्या गावाचा मान कमी झाल्यासारखे वाटते, हे मी पाहिले आहे. राणी लक्ष्मीबाईही त्यांना पूज्य आहेत, परंतु त्या लांबच्या आहेत. सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविता बहुतेकांना पाठ आहे, म्हणजे कथा ओळखीची आहे. आणि एका गावाच्या अभिमानाचा प्रश्न तिथे येत नाही, असे मी धरून चालले. हे गृहीत पुढे किती चुकीचे ठरले ते येईलच.

पहिले तीन रविवार

मी चरित्रापासून सुरुवात केली. तांबे घराण्यात जन्म, माहेरचे नाव मनकर्णिका, १८४२ मध्ये गंगाधररावांशी विवाह, १८५१ मध्ये झालेला आणि काही महिन्यांतच गेलेला मुलगा, नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी झालेले दत्तविधान, १८५४ मध्ये कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून खालसा केलेली झाशी. हे सर्व मी फळ्यावर ओळीने लिहिले आणि प्रत्येक टप्प्यावर विचारले, "यातून आपण काय शिकलो?" मुलांनी धैर्य, स्वाभिमान, देशप्रेम अशी उत्तरे दिली. ती शाळेच्या वहीतून आलेली उत्तरे होती. हेच शब्द त्यांनी दुसऱ्या कोणाही थोर व्यक्तीबद्दल तितक्याच सहजपणे दिले असते. एका बाईचे तान्हे मूल गेले आणि दोन वर्षांत नवरा गेला, हे वाक्य वाचताना वर्गात कोणाचाही आवाज बदलला नाही.

तिसऱ्या रविवारी मी कादंबरीतले एक प्रकरण आणले, आणि वर्ग एकदम जागा झाला. किल्ल्यावरची रात्र, धूर, घोड्याची चाहूल, पाठीशी घट्ट बांधलेला मुलगा आणि राणीच्या तोंडची दोन ठसठशीत वाक्ये. सातवीतल्या एका मुलाने ती वाक्ये लगेच पाठ केली आणि उभे राहून म्हणून दाखवली. त्याची आवड पाहून मला आनंद झाला, आणि तरीही मी त्याला सांगितले, "छान म्हटलंस, पण हे राणी खरोखर बोलल्या नव्हत्या बरं का, हे लेखकाने रचलं आहे." तो खाली बसला. पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी घरी फोन केला तेव्हा त्याची आजी म्हणाली, "अहो, तो म्हणतो सगळं खोटंच आहे तर वाचायचं कशाला? त्याला वाटतंय, राणीच खोटी."

या वाक्याने मला थांबवले. मी एका वाक्याविषयी खरे सांगितले होते आणि मुलाने ते सगळ्या गोष्टीला लावले होते. त्याला खरे आणि खोटे या दोनच पेट्या ठाऊक होत्या, कारण मीही त्याला दोनच दाखवल्या होत्या.

प्रश्न बदलला

चौथ्या रविवारपासून मी 'हे खरे का खोटे' असे विचारणे सोडले आणि त्याऐवजी विचारू लागले, "लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं असेल?" प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाला पानाकडे परत जावे लागते. कादंबरीतले एकच पान घेऊन आम्ही ओळीओळीवर हा प्रश्न लावला. तासाभरात मुलांनी आपणहून तीन जाती पाडल्या आणि त्यांना नावेही दिली: कागदातलं, अंदाजाचं आणि मनातलं. झाशी एप्रिल १८५८ मध्ये पडली, हे कागदातलं. त्या रात्री धूर असणार, हे अंदाजाचं, कारण शहर जळत होते. राणीच्या मनात त्या क्षणी काय आले, हे मनातलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली की मनातलं असलं म्हणजे खोटं असं नाही, लेखकाने राणीच्या जागी बसून पाहिलंय. मी ही गोष्ट त्यांना सांगायला गेले असते तर इतक्या नेमक्या शब्दांत सांगू शकले नसते.

त्याच सुमारास चरित्राची पाने वेगळ्या कामासाठी वर्गात आली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले राणीचे मराठी चरित्र १८९४ मधले आहे. त्याची भाषा मुलांना जड गेली, तरी 'दत्तविधान', 'खलिता', 'नेमणूक' हे शब्द त्यांनी तिथून उचलले, कारण आता त्यांना ते शब्द हवे होते. राणीचे जन्मसाल एका ठिकाणी १८२८ आणि दुसऱ्या ठिकाणी १८३५ मिळाले. मृत्यूचा दिवस कुठे १७ जून, कुठे १८ जून. मुलांनी मला विचारले, बरोबर कोणते? मी दोन्ही लिहायला सांगितले. काहींना हे फार अस्वस्थ करणारे वाटले. विवाहाच्या वेळी राणी सात वर्षांची होती की चौदा, हे ठरवता येत नसेल तर कादंबरीतला विवाहाचा प्रसंग कसा वाचायचा, हा एका मुलीचा प्रश्न होता, आणि तो माझ्याकडे अजून तसाच आहे.

नऊ वर्षांचा मुलगा

पाचव्या रविवारी जे घडले त्यासाठी मी हे टिपण लिहायला घेतले. सहावीतली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, वहीत काहीतरी आकडे मांडत होती. दत्तविधान १८५३. त्या वेळी मुलगा चार-पाच वर्षांचा. झाशी सोडली १८५८ मध्ये. तिने हात वर केला आणि म्हणाली, "काकू, पण मग तो तर आठ-नऊ वर्षांचा झाला ना? चित्रात तर एवढुसा दाखवतात."

वर्ग शांत झाला. सर्वांना ते चित्र डोळ्यांसमोर आहे: घोड्यावर राणी, हातात तलवार, पाठीला बांधलेले लहानगे. दिनदर्शिकांवर, पुतळ्यांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठीला बाहुली बांधून आलेल्या मुलींच्या वेशभूषेत हेच चित्र असते. कविता पाठ असलेल्या, चित्र शंभर वेळा पाहिलेल्या मुलांपैकी एकीने प्रथमच त्या मुलाचे वय मोजले होते. खरे सांगायचे तर मीही ते कधी मोजले नव्हते.

योगायोगाने तिचा धाकटा भाऊ त्या दिवशी तिच्यासोबत आला होता. तिसरीत, वय नऊ. घरमालकांकडून वजनकाटा आणला; मुलगा चोवीस किलो भरला. नववीतल्या सर्वांत उंच मुलीच्या पाठीला तो ओढणीने बांधून पाहिला. ती उभी राहिली, चारपाच पावले चालली, आणि म्हणाली की चालता येतं, पण हात मोकळा करून तलवार फिरवता येणार नाही. दुसरी म्हणाली, घोड्यावर बसल्यावर त्याचा भार घोड्यावर येईल. तिसऱ्याने विचारले, मग तो मागे नुसता बसून का आला नसेल, नऊ वर्षांच्या मुलाला बसता येतं. चौथ्याने सुचवले की दुसऱ्या कोणीतरी, म्हणजे रामचंद्रराव देशमुखांसारख्या जवळच्या सेवकाने, त्याला घेतले असेल. मी निकाल दिला नाही. माझ्याकडे तो नव्हताही. पाठीशी बांधला असणे अशक्य नाही, एवढेच मी म्हटले. पण आता 'बांधला' या शब्दाचे वजन त्या मुलांना चोवीस किलो इतके कळले होते.

याच तासाला गोडसे भटजींचे पान उपयोगी पडले. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरातच होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मधला एक प्रसंग मी वाचून दाखवला. झाशी सोडून काल्पीच्या वाटेवर असलेली, पठाणी वेषातली, धुळीने माखलेली राणी एका विहिरीपाशी त्यांना भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तेव्हा ती त्यांना अडवते आणि स्वतः पाणी काढून पिते. इथे ना तलवार आहे, ना ठसठशीत वाक्य. मुले कादंबरीतल्या किल्ल्यावरच्या रात्रीपेक्षाही या विहिरीपाशी अधिक वेळ थांबली. एक मुलगा म्हणाला, "हे कोणी मनानं नाही लिहिणार." मग त्याच मुलाने, आता सवय झाल्यामुळे, विचारले की भटजींनी हे किती दिवसांनी लिहिले. सुमारे २५ वर्षांनी, हे उत्तर ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ते पुस्तक १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी मजकुरावर स्वतःचा हातही फिरवला होता, आणि मूळ मजकूर १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी छापला, हे मी जोडले. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे लिहिणेही वाटेत किती हातांतून जाते, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मग तो गेला कुठे

त्या दिवशी वर्ग सुटता सुटता वजनकाट्यावर उभा राहिलेल्या तिसरीतल्या मुलाने विचारले, "मग नंतर तो मुलगा कुठे गेला?" कवितेत नंतर नाही. चित्रात नंतर नाही. आम्ही वाचलेली कादंबरी राणीच्या चितेपाशी संपते. हा प्रश्न फक्त चरित्राला विचारता येतो, कारण एका माणसाची गोष्ट संपली तरी तिच्या आधाराने जगणाऱ्यांची संपत नाही.

पुढच्या रविवारी मी उत्तर आणले. जून १८५८ नंतर दामोदरराव, म्हणजे राणीचा तो दत्तक मुलगा, राणीच्या विश्वासू माणसांबरोबर जवळजवळ दोन वर्षे रानावनात भटकले, आजारपण आणि उपासमार सोसली, आणि शेवटी इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावर १८६० मध्ये त्यांना आणण्यात आले ते इंदूरला. सालाची दहा हजार रुपयांची नेमणूक त्यांना मिळाली. त्यांचे शिक्षण इथे झाले, ते इथेच राहिले आणि १९०६ मध्ये इथेच वारले.

"आपल्या इंदूरला?" असे तीन-चार जण एकदम म्हणाले. गावाचा प्रश्न या विषयात येणार नाही हे माझे गृहीत इथे पार मोडले, आणि ते मोडले याचे मला समाधान आहे. आजवर जी गोष्ट दूरच्या किल्ल्यावर घडत होती, ती चालत चालत त्यांच्या रोजच्या रस्त्यांवर आली होती. दहा-अकरा वर्षांचा, मराठी बोलणारा, आई गेलेला, गाव सुटलेला मुलगा माळव्यातल्या एका नव्या शहरात येतो. वर्गातल्या दोन मुलांचे वडील नुकतेच बदली होऊन इंदूरला आले होते. त्या दोघांना काही समजावावे लागले नाही.

गैरहजर राहिलेला सातवीतला मुलगा त्या रविवारी परत आला होता. मागच्या तासाची हकिगत त्याला कोणीतरी शाळेत सांगितली होती. मी त्याच्याशी आधी एकट्याशी बोलले. ती वाक्ये रचलेली असली तरी त्याने ती ज्या जोराने म्हटली तो जोर खोटा नव्हता, आणि मी ते त्याच वेळी सांगायला हवे होते, असे मी त्याला म्हटले. तो काही बोलला नाही, पण पुढे बसला.

एका पालकांनी सुचवले की दामोदररावांचे वंशज शोधून मुलांना त्यांच्या घरी न्यावे. हेतू चांगला होता, तरी मी नकार दिला. कोणाच्या घराण्याचा इतिहास सार्वजनिक असला म्हणून त्या घराचे दार सार्वजनिक होत नाही, आणि मुलांना चरित्र शिकवताना ही मर्यादाही शिकवावी लागते.

दोन शाईंचे पान

शेवटचे दोन रविवार लेखनाला दिले. काम असे होते: कादंबरीत नसलेले प्रकरण लिहायचे, दामोदररावांच्या इंदूरमधल्या पहिल्या दिवसाचे, एक पान. जे कागदातले आहे ते निळ्या शाईने, जे अंदाजाचे किंवा मनातले आहे ते काळ्या शाईने. निळ्या वाक्याशेजारी ते कुठून मिळाले हे समासात लिहायचे. हा नियम मुलांना आधी जाचक वाटला. मग त्यांच्या लक्षात आले की सगळे पान निळे झाले तर ते फळ्यावरच्या ओळींसारखे कोरडे होते, आणि सगळे काळे झाले तर तो मुलगा दामोदरराव राहत नाही, कोणीही होतो.

पाने सारखी उतरली नाहीत. तिघांनी जवळपास काहीच लिहिले नाही. एकाने लढाई लिहिली, जी इंदूरच्या त्या दिवसात कुठेच नव्हती. परंतु ज्या मुलीने वय मोजले होते तिच्या पानावर एक काळे वाक्य होते: नवीन घरात पहिल्या रात्री त्याने विचारले की दार आतून लावायचे की बाहेरून. दोन वर्षे रानात काढलेल्या मुलाला दाराची सवय राहिली नसेल, हा तिचा अंदाज, आणि तो अंदाज समासातल्या निळ्या ओळीवर उभा होता. भाषेच्या दृष्टीनेही हे पान वेगळे होते. 'गोद घेतला' असे बोलणाऱ्या मुलीने 'दत्तक घेतला' लिहिले होते, आणि 'माझी शिक्षा इथे झाली' असे आधी लिहून मग स्वतःच खोडून 'शिक्षण' केले होते. तीन महिन्यांच्या शब्दसंग्रहाच्या तक्त्यांनी जे साधले नव्हते ते एका पानाच्या गरजेने साधले.

काही पालकांनी गुण विचारले. मी गुण दिले नाहीत. पाने दाखवली आणि निळ्या-काळ्या शाईचा नियम समजावून सांगितला. दोघांना ते पटले नाही. मुलाला किती येते हे आकड्यात कळावे ही त्यांची अपेक्षा गैर नाही, आणि या पद्धतीत तिला माझ्याकडे समाधानकारक उत्तर अजून नाही. ज्या तीन मुलांनी लिहिले नाही त्यांना कादंबरी आवडली होती, चर्चेत ती बोललीही होती. त्यांची अडचण लिहिण्याची होती की दुसऱ्याच्या जागी बसण्याची, हे मला आठ रविवारांत ओळखता आले नाही.

पुढच्या तुकडीसाठी क्रम उलटा ठेवणार आहे: आधी कादंबरीचे पान, मग मुलांचे प्रश्न, आणि ते प्रश्न घेऊन चरित्राकडे. 'यातून काय शिकलो' हे विचारणार नाही. 'चरित्र' हा शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर 'जीवनी' आणि 'चारित्र्य' या दोन शब्दांच्या मध्ये लिहिणार आहे. तिसरीतल्या त्या मुलाने वर्गात नाव घालायला सांगितले आहे. त्याला मराठी जोडाक्षरे अजून अडतात, म्हणून सध्या कागदातली साले मोठ्याने वाचायचे काम त्याच्याकडे दिले आहे.